'परफेक्ट गेम' म्हणजे निर्दोष सामना का?

प्रश्न असा आहे: १९५९ साली पिचर (चेंडू टाकणारा) हार्वे हॅडिक्सने खेळलेल्या बेसबॉल सामन्याला एका लेखात 'निर्दोष सामना' म्हटलंय, पण तो तर त्यात हरला. मग हा शब्द बरोबर कसा? आणि 'नो-हिटर' म्हणजेही तेच का?

नाही, नो-हिटर वेगळा. हॅडिक्सचा सामना आज परफेक्ट गेम धरतच नाहीत, आणि 'निर्दोष' हा शब्द खऱ्याखुऱ्या परफेक्ट गेमलाही बसत नाही.

'परफेक्ट' ऐकलं की आपल्याला कौतुक वाटतं, पण बेसबॉलमध्ये तो नुसता हिशेब आहे. किमान नऊ इनिंगचा सामना (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघ तीन बाद होईपर्यंत एकदा फलंदाजी करतो), आणि तो संपेपर्यंत समोरचा एकही बॅटर पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला नाही. म्हणजे सत्तावीस आले, सत्तावीस बाद. ८ ऑक्टोबर १९५६ ला यांकी स्टेडियमवर डॉन लार्सनने ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध हे केलं, तेही वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत. त्यात जॅकी रॉबिन्सनचा एक जोरदार फटका तिसऱ्या बेसवरच्या अँडी कॅरीच्या हातात बसलाच नाही. ग्लोव्हला लागून चेंडू उडाला तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गिल मॅकडूगल्डकडे, आणि त्याने पहिल्या बेसवर फेकून रॉबिन्सनला बाद केलं. निर्दोष कसलं? नशीब म्हणा! पण बेसवर कुणी पोचलं नाही, एवढंच मोजायचं असतं.

नो-हिटरची अट सैल. एकही हिट (बॅटर स्वतःच्या फटक्यावर बेस गाठतो ती) द्यायची नाही, बस. वॉकवर (चार चुकीचे चेंडू पडल्यावर मिळणाऱ्या फुकट बेसवर) किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बॅटर बेसवर गेला तरी चालतं. त्यामुळे नो-हिटर टाकून हरताही येतं. १९६४ साली ह्यूस्टनच्या केन जॉन्सनने नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही आणि तो सिनसिनाटीकडून १-० असा हरला.

आता हॅडिक्स. २६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्गच्या या डावखुऱ्या पिचरने बारा इनिंगमध्ये ओळीने छत्तीस बॅटर बाद केले. तिकडे त्याच्या संघाने लू बर्डेटला बारा हिट मारल्या, पण धाव एकही नाही. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या डॉन हॉकची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर पोचला. परफेक्टपणा तिथेच संपला. यात हॅडिक्सचा काय दोष? पुढे हँक एरनला मुद्दाम वॉक दिला आणि जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. त्यातही गंमत: एरन मधूनच धावमार्ग सोडून गेला, अॅडकॉक त्याच्या पुढे निघाला, आणि होमरनचा (चारही बेसच्या फटक्याचा) डबल (दोन बेसचा फटका) झाला. निकाल १-०.

तरीही कित्येक वर्षं हा सामना परफेक्ट गेमच्या यादीत असायचा. १९९१ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगच्या) समितीने व्याख्या पक्की केली: नऊ किंवा जास्त इनिंग, आणि सामना संपेपर्यंत अट टिकली पाहिजे. हॅडिक्सबरोबर नो-हिटर म्हणून मिरवणारे इतरही बरेच सामने यादीतून गेले. माणूस म्हणून मला ते खटकतं. शब्दाच्या बाजूने बघितलं तर समितीचं बरोबर आहे.

मराठीत काय लिहावं? क्रिकेटच्या मेडन ओव्हरला आपण 'उत्तम षटक' म्हणत नाही, 'निर्धाव षटक' म्हणतो. काय नाही तेवढंच सांगतो. त्याच चालीवर नो-हिटरला 'बिनहिटचा सामना' चालेल. परफेक्ट गेमसाठी मात्र 'निर्दोष', 'अचूक', 'परिपूर्ण' हे तिन्ही टाळावेत, कारण तिन्ही पिचरची पाठ थोपटतात. 'परफेक्ट गेम' तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ एका वाक्यात द्यावा. आणि हॅडिक्सबद्दल लिहायचं तर 'ओळीने छत्तीस बॅटर बाद करूनही तेराव्या इनिंगमध्ये हरला', इतकं पुरे.