एनएफएस शेअर माउंट होतो, पण सुडो लावूनही लिहिता येत नाही. 777 द्यायचं का?

777 (म्हणजे सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची पूर्ण मोकळीक) देऊ नका. तुम्ही म्हणताय की उबुंटू सर्व्हरवरचा फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) दुसऱ्या उबुंटू मशीनवर नीट माउंट होतो, सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कोणता फोल्डर कोणाला द्यायचा त्याची यादी) आरडब्ल्यू, म्हणजे वाचा-लिहायची परवानगी आहे, पण सुडो टच (रूट, म्हणजे ॲडमिन म्हणून रिकामी फाइल बनवणं) केलं तरी 'परमिशन डिनाइड' येतं. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

आधी एरर नीट वाचा. माउंट करतानाच 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं, तर तुमचा आयपी एक्सपोर्ट्समध्ये बसत नाही. लिहिताना 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं, तर शेअरच आरओ (फक्त वाचण्यापुरता) गेलाय. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक फालतू स्पेस:

/एसआरव्ही/डेटा 192.168.1.0/24 (आरडब्ल्यू)

कंसाआधीच्या त्या स्पेसमुळे तुमच्या नेटवर्कला डीफॉल्ट, म्हणजे फक्त वाचायची परवानगी मिळते आणि आरडब्ल्यू मिळतं बाकी सगळ्या जगाला! कंस आयपीला चिकटूनच हवा. सर्व्हरने ओळ कशी वाचलीय ते 'सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही' दाखवतं. फाइल बदलली की 'सुडो एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा.

तुमची एरर मात्र 'परमिशन डिनाइड' आहे. म्हणजे एक्सपोर्ट ठीक दिसतोय, अडतंय ते फोल्डरच्या मालकीवर. सुडोने इथे काहीच साधत नाही, कारण रूट-स्क्वॉश डीफॉल्ट चालू असतं. क्लायंटचा (माउंट करणाऱ्या मशीनचा) रूट सर्व्हरवर पोचेपर्यंत 'नोबडी' हा बिनअधिकाराचा युजर होतो, यूआयडी (युजरचा आकडा) 65534. म्हणून सुडोने टेस्ट करू नका, साध्या युजरने करा.

त्यानेही जमलं नाही, तर दोन्ही मशीनवर 'आयडी' चालवा आणि आकडे ताडून बघा. केर्बेरॉस (युजरची ओळख पटवणारी वेगळी यंत्रणा) नसेल तर एनएफएस प्रत्येक कॉलबरोबर यूआयडीचा आकडा पाठवतं, सर्व्हर परवानगी त्यावरच ठरवतो. दोन्हीकडे युजरचं नाव तेच, पण सर्व्हरवर 1000 आणि क्लायंटवर 1001 असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. मालक बघताना 'एलएस -एलएन' वापरा, नुसत्या 'एलएस -एल'मधलं नाव फसवतं.

आकडे जुळवायचे असतील तर क्लायंटवर 'सुडो युजरमॉड -यू 1000' आणि पुढे युजरचं नाव (तो आकडा तिथे मोकळा हवा), तेही त्या युजरने लॉगआउट केल्यावर. यात होम फोल्डरमधल्या फायलींची मालकी आपोआप बदलते, बाहेरच्या फायलींची मालकी स्वतः 'चाऊन' कमांडने बदलावी लागते. हे नेमकं विसरलं जातं.

घरातला किंवा छोट्या ऑफिसचा एकच सामाईक फोल्डर असेल, तर इतका खटाटोप नको. एक्सपोर्ट्स फाइलमधल्या कंसात हे लिहा:

(आरडब्ल्यू,सिंक,ऑल_स्क्वॉश,एनॉनयूआयडी=1000,एनॉनजीआयडी=1000)

आणि सर्व्हरवर फोल्डरची मालकी 1000:1000 (युजर:ग्रुप) करा. कोणीही लिहिलं तरी फाइल त्याच एका युजरच्या नावावर पडेल. कोणी काय लिहिलं ते कळणार नाही, ती किंमत मान्य असेल तरच. नो_रूट_स्क्वॉश (रूट-स्क्वॉश बंद करणं) सुचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका: क्लायंटवर रूट असलेला कोणीही मग सर्व्हरच्या डिस्कवर सेटयूआयडी रूट फाइल (कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकारात चालणारी) ठेवू शकतो.

ग्रुपवरून परवानगी देत असाल तर उबुंटूत आणखी एक खोच आहे. तिथे इटीसीमधल्या एनएफएस.कॉन्फ फाइलमध्ये 'मॅनेज-जीआयडीज=वाय' आधीपासून असतं. त्यामुळे क्लायंटने पाठवलेली ग्रुपची यादी सर्व्हर बाजूला ठेवतो आणि स्वतःकडची बघतो. (एरवी कॉलमधून फक्त 16 ग्रुप जातात, म्हणून ही सोय.) थोडक्यात, युजरला ग्रुपमध्ये टाकायचं ते सर्व्हरवर. सर्व्हर ही यादी काही वेळ कॅशमध्ये ठेवतो, तेव्हा बदल लगेच दिसला नाही तर तिथेच 'सुडो एक्सपोर्टएफएस -एफ' चालवा आणि पुन्हा लिहून बघा.