सही, दाभण आणि दमट कागद

प्रश्न: आमचं मंडळ कला अकादमीच्या स्पर्धेसाठी आर्थर मिलर यांच्या 'द क्रुसिबल'चं मराठी रूपांतर बसवतंय. शेवटच्या अंकात जॉन प्रॉक्टर चेटूक केल्याच्या खोट्या कबुलीवर सही करतो आणि लगेच कागद फाडून फासावर जातो. तालमीत तो नुसता हट्टी वाटतो. कथानक गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, काळात न्यावं, असंही काहींचं म्हणणं आहे.
— वाचक, फोंडा

उत्तर: तुमचा प्रॉक्टर बहुधा पहिल्या प्रवेशापासूनच छाती काढून उभा राहतो. ते आधी थांबवा. घरातल्या मोलकरणीशी, अ‍ॅबिगेलशी, त्याचं लफडं झालेलं आहे आणि स्वतःच्या नजरेत तो कधीचाच उतरलाय. खोटी कबुली न देता फासावर जाणाऱ्या रेबेका नर्ससारख्या सज्जन बाईच्या पंगतीला बसायची आपली लायकी नाही, म्हणून तो जगायला तयार होतो. तेव्हा सही करताना हात थरथरवू नका. तो खरंच सुटतोय, असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे. सैतानासोबत आणखी कोणाला पाहिलंस, या प्रश्नावर तो आधीच अडलेला असतो. सही झाल्यावर कागद चर्चच्या दारावर लागणार हे कळतं, तिथं तो मोडतो. सही आणि न्यायाधीश डॅनफर्थचा पुढे आलेला हात यांत पाच सेकंद कोणीही हलू नये.

कागद साधा, ए-थ्री आकाराचा घ्या, चहाच्या पाण्यात बुडवून कडक वाळवा. जाड हँडमेड कागद ऐनवेळी फाटत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होतो आणि फाटताना आवाजच येत नाही, म्हणून प्रवेशापर्यंत तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खरी शाई सांडते. पिसाच्या देठात रिफील बसवा. प्रॉक्टरच्या घरात सापडणाऱ्या, चेटकाचा पुरावा ठरणाऱ्या बाहुलीच्या पोटातली सुई मागच्या रांगांना दिसत नाही, तिथे दाभण वापरा.

तिसऱ्या अंकात प्रॉक्टरची कधीही खोटं न बोलणारी बायको एलिझाबेथ नवऱ्याची अब्रू राखायला त्याचं लफडं कोर्टात नाकारते. त्यानं ते आधीच कबूल केलेलं असतं, म्हणून तिच्या खोट्यानंच तो बुडतो. माझ्या मते नाटकातली सगळ्यात माणुसकीची जागा हीच. डॅनफर्थ प्रॉक्टरला पाठ फिरवायला लावतो. एलिझाबेथला मागे नऊ इंच उंच लेव्हलवर (चौथऱ्यावर) उभी करा, प्रॉक्टर तिच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. दोघांचे चेहरे एकदम दिसतील.

इन्क्विझिशनचा मोह टाळा. गोव्यात ती १५६० मध्ये आली, मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकली. पण तिथं आरोप करणाऱ्याचं नाव आरोपीला कळू देत नसत. नाटक घडतं त्या अमेरिकेतल्या सेलममध्ये मुली भर कोर्टात किंचाळत बोट दाखवायच्या. ते गेलं की तिसरा अंकच उरत नाही.

मिलर २००५ मध्ये वारले, त्यामुळे भारतात हक्क २०६५ च्या अखेरपर्यंत आहेत. रूपांतर आणि प्रयोग, दोन्हींची लेखी परवानगी मागवा. तालमी सुरू झाल्यात म्हणजे उशीर झालाच आहे.

प्रश्न: याच नाटकाच्या फ्लेक्सवर आम्ही आगीच्या ज्वाळा घेतल्यात. चालतील?
— वाचक, पेडणे

उत्तर: नाही. १६९२ मध्ये सेलममध्ये १९ जणांना फाशी झाली, जाळलं कोणालाच नाही. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्यानं आरोप कबूल किंवा नाकबूल, काहीच म्हटलं नाही, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले. त्यात तो मेला. चित्रच हवं तर फळी आणि तिच्यावर चार धोंडे काढा.