नावात कॉम्प्युटर आहे म्हणून

प्रश्न : मुलाला सीईटीत ९६ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटर हार्डवेअरमध्येच जायचं म्हणतो, म्हणून आम्ही सगळीकडे कॉम्प्युटर शाखाच भरायचं ठरवलंय. पण तो ईअँडटीसीवर (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) अडून बसलाय. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून भंगार आणून जोडत बसतो. जानेवारीत त्याची सोल्डरिंग गन कपाटात कुलूपबंद केली, तरी खूळ जात नाही. त्याला समजवा. – एक पालक, कोथरूड

उत्तर : समजावायचंय ते तुम्हाला. ९६ पर्सेंटाइलची मला काळजी नाही, त्या कुलपाची आहे. हार्डवेअर करायचंय म्हणणाऱ्या मुलाचं हत्यारच तुम्ही काढून घेतलंत. परीक्षेपुरतं एक वेळ समजू शकतो, पण सीईटी होऊन निकाल लागला तरी गन कपाटातच? आणि 'भंगार' हा शब्द तुमचा. तो काय जोडतो, ते शेजारी बसून कधी पाहिलंत? पत्रात तरी त्याबद्दल अक्षर नाही. सगळीकडे 'आम्ही ठरवलंय'.

आता खुळाबद्दल. नावात कॉम्प्युटर आहे म्हणजे तिथे कॉम्प्युटर घडवायला शिकवतात, हा समज घरोघरी आहे. त्या शाखेत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोप्रोसेसर असे मोजके विषय असतात. बाकी डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअर. चिप किंवा बोर्ड डिझाइन करायचं तर ट्रान्झिस्टर, ॲनालॉग सर्किट, सिग्नल पक्के लागतात, आणि ते ईअँडटीसीत शिकवतात. ईअँडटीसी म्हणजे नुसते मोबाइलचे टॉवर नव्हेत. डिजिटल चिपसाठीही आज व्हेरिलॉगसारख्या भाषेत कोडच लिहितात, फक्त त्यातून प्रोग्रॅम नाही, लॉजिक गेट आणि फ्लिपफ्लॉप ही चिपमधली सर्किटं तयार होतात. प्रोसेसरच्या आर्किटेक्चरकडे कॉम्प्युटरमधूनही जाता येतं, पण सर्किटची बाजू स्वतः भरून काढावी लागते. थोडक्यात, मुलगा बरोबर आहे.

पुढे गेट ही परीक्षा देऊन एमटेक आहे, नाहीतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइनचा डिप्लोमा. सी-डॅक म्हणजे आपल्या पुण्यातलीच, १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा करणारी संस्था.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा ऑप्शन फॉर्म त्याला भरू द्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, तेव्हा निदान ती ओळ तरी त्याच्या मनातली असू दे. कपाटाची किल्ली आजच द्या. आणि पुढचं पत्र त्याला लिहू दे, तुम्ही न तपासता.