कागदाचे दोन पदर

प्रश्न : काकू, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतःसाठी छोटा व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा) गिटार अँप्लिफायर बांधतोय. पुढे एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह, शेवटी स्पीकर चालवणारा एकच ईएल८४ व्हॉल्व्ह, एचटी (व्हॉल्व्हना लागणारं डीसी व्होल्टेज) २५० व्होल्ट, स्पीकर ८ ओहमचा. सगळं जमलं, आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी अडलोय. जुन्या बाजारात एका मोडक्या रेडिओतला मिळतोय. तपकीर गल्लीतले एक दुकानदार म्हणतात, २३० ला ९ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर लाव, हिशोब तोच येतो. तिसरा मार्ग गुंडाळून घेण्याचा. काय करू?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आवाज तिन्हींतून येईल. पण तुझ्या गिटारची सगळ्यात जाड तार कशी वाजणार, ते इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुकानदारांचा हिशोब बघू. ईएल८४ ला २५० व्होल्टवर साधारण ५२०० ओहमचा लोड लागतो. ट्रान्सफॉर्मर स्पीकरचे ओहम वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गपटीनं वाढवून व्हॉल्व्हला दाखवतो. ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. वेढ्यांचं गुणोत्तर तेवढं हवं. आणि २३० भागिले ९ केलं तरी साडेपंचवीसच येतात! म्हणून त्यांचं म्हणणं पटतं. मात्र ट्रान्सफॉर्मरवर छापलेले ९ व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात. छोटा ट्रान्सफॉर्मर काही न जोडता मोजलास तर साडेदहाच्या आसपास भरतात. म्हणजे खरं गुणोत्तर २२, आणि व्हॉल्व्हला दिसणार ३९०० ओहमच्या जवळपास. गिटारला तेवढं चालूनही जातं. खरी अडचण दुसरीच आहे.

एकट्या ईएल८४ मधून, तू गिटारच्या तारेला हात लावला नाहीस तरी, ४८ मिलिअँपिअर करंट प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) सतत एकाच दिशेनं वाहत असतो. (२५० गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॉट. या व्हॉल्व्हची प्लेट तेवढंच सोसते, त्याच्या वर जाऊ नकोस.) हा डीसी कोअरला (आतल्या लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याला) आधीच चुंबकत्वानं भरून टाकतो. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या एक इकडून, एक तिकडून अशा एकमेकींत गुंतवून भरलेल्या असतात. मध्ये कुठे फट नसते. त्यामुळे कोअर लवकर सॅच्युरेट होतो आणि खालच्या सुरांना जागाच उरत नाही. पुश-पुलमध्ये, म्हणजे शेवटी व्हॉल्व्हची जोडी असते तिथे, दोन व्हॉल्व्हचे करंट एकमेकांना खोडतात, तिथे गुंतवलेल्या पट्ट्या चालतात. तुझं सर्किट तसं नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. भोसरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं वाइंडिंग मशिनवर होते, सगळं काम मेन्स ट्रान्सफॉर्मरचं. भाच्यानं असाच एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर मागितला. वेढे अचूक गुंडाळले आणि हाताच्या सवयीनं पट्ट्या भरल्या, एक इकडून, एक तिकडून. त्यानं जोडला. वरच्या तारा गोड वाजल्या. जाड तार छेडली तेव्हा मात्र डब्यात चिंचोके हलवावेत तसा आवाज आला. व्हॉल्व्ह बदलला, स्पीकर बदलला, तरी तेच. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. वॉर्निश अजून केलं नव्हतं, हे नशीब. घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळ्या पट्ट्या उपसल्या. सगळ्या ई (E आकाराच्या पट्ट्या) एकाच बाजूनं भरल्या, त्यांच्या तोंडावर वहीच्या कागदाचे दोन पदर ठेवले, समोरून सगळ्या आय (I आकाराच्या सरळ पट्ट्या) एकत्र टेकवल्या आणि बाहेरून क्लॅम्प आवळला. त्यानंतर त्या तारेचा जो भरदार सूर निघाला, तो मला आजही आठवतो.

त्या दोन पदरांची जाडी जेमतेम दीड दशांश मिलिमीटर. पण चुंबकीय वाट कागद दोनदा ओलांडते, एकदा मधल्या पायाशी आणि एकदा बाहेरच्या, म्हणून फट दुप्पट धरायची. फट ठेवली की इंडक्टन्स घटतो, म्हणून वेढे भरपूर लागतात. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची. तिथे ५२०० ओहम टिकवायचे तर प्रायमरी निदान १० हेन्रीची हवी.

म्हणून माझं मत गुंडाळून घेण्याच्या बाजूनं आहे. वाइंडिंगवाल्याला हा कागद दाखव : पट्टीचा मधला पाय एक इंच, पट्ट्यांचा थर एक इंच. प्रायमरी २७०० वेढे, ३७ गेज. सेकंडरी १०६ वेढे, २२ गेज, ७५ व्या वेढ्यावर ४ ओहमसाठी टॅप. आधी अर्धी प्रायमरी, मग पूर्ण सेकंडरी, वर उरलेली अर्धी प्रायमरी, म्हणजे वरचे सूर दबत नाहीत. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये इन्सुलेशनचा कागद जाड घालायला सांग, कारण एका बाजूला २५० व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या बाजूला तुझा हात. आणि पट्ट्या भरताना शक्यतो समोर उभा राहा. फट ठेवा म्हटलं तरी सवयीनं गुंतवल्या जातात.

रेडिओतला हातातून सोडू नकोस. एका व्हॉल्व्हच्या आउटपुटचा असेल तर त्यात फट असतेच. आधी मल्टिमीटरनं बघ : प्रायमरी काहीशे ओहम, सेकंडरी एक ओहमच्या आत. प्रायमरीच्या तीन तारा निघाल्या तर तो बहुधा पुश-पुलचा, तुझ्या कामाचा नाही. मग प्रायमरीला १२ व्होल्ट एसी दे आणि सेकंडरी मोज. उलट कधीही करू नकोस, सेकंडरीला १२ दिलेस तर पलीकडे तीनशेच्या वर उभे राहतील. समज, ०.३३ व्होल्ट आले. १२ भागिले ०.३३ म्हणजे ३६, त्याचा वर्ग सुमारे १३००. तुझ्या ८ ओहमच्या स्पीकरवर हे १०,४०० होतात, म्हणजे दुप्पट. पण त्या काळच्या रेडिओंचे स्पीकर बरेचदा ३ ते ५ ओहमचे असत. ४ ओहमचा लाव, ५२०० वर येशील. पुष्कळ मुलं इथे चांगला ट्रान्सफॉर्मर नापास करून परत देतात.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सला ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लाव. आत हात घालण्याआधी एचटीचे कंडेन्सर रिकामे कर आणि मीटरनं खात्री कर. बंद केल्यावरही ते २५० व्होल्ट धरून बसतात.

प्रश्न : व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता चालू केला तर खरंच जळतो का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : नुसता चालू ठेवून लगेच जळेलच असं नाही. वाजवलात तर मात्र हो. लोड नसला की प्रायमरीवर व्होल्टेज एचटीच्या कितीतरी पट उसळतं आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटात किंवा वेढ्यांच्या इन्सुलेशनमध्ये ठिणगी पडते. एकदा इन्सुलेशन जळलं की ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळावाच लागतो. स्पीकरची पिन निघताच आपोआप शॉर्ट होणारा जॅक बसवा. शॉर्ट थोडा वेळ सोसतो, उघडं सोसत नाही. तसा जॅक मिळाला नाही तर आउटपुटवर २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका.