गावातले गाणे, उशिरा ऐकलेले

प्रश्न : गेल्या वर्षभरात आपल्याला नव्याने गवसलेले आणि मनात राहिलेले संगीत कोणते? मी नाट्यगीते आणि भावगीते ऐकत वाढलो. ख्याल, म्हणजे रागाचे विस्ताराने गायन, सुरू झाला की दहा मिनिटांत माझे लक्ष उडते. अशा श्रोत्याने कोठून सुरुवात करावी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ख्यालगायिका केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्यांनी माझे गेले वर्ष भरून टाकले. खरे तर हे गाणे मला फार पूर्वीच ठाऊक असायला हवे होते, कारण त्याचे मूळ आपल्याच गावात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १८९५ साली, अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक म्हणून कोल्हापुरास आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी येथे रुजली. केसरबाई मूळच्या गोव्यातील केरीच्या. त्याही आठव्या वर्षी कोल्हापुरात येऊन काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या आणि १९२१ पासून त्यांना अल्लादिया खाँसाहेबांची रीतसर तालीम मिळाली. देवल क्लब या येथल्या संगीतसंस्थेवरून माझे रोज जाणे-येणे असते, ही सगळी नावे लहानपणापासून कानावर आहेत. परंतु नावे कानावर असणे आणि गाणे कानात असणे यांत किती अंतर असते, हे मला गेल्या वर्षी कळले.

आपल्या अडचणीवर या तबकड्यांइतका चांगला उपाय मला दुसरा दिसत नाही. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे, त्यामुळे मैफलीत तासभर चालणारा राग गायकाला तेवढ्यात मांडून दाखवावा लागे. केसरबाई पहिल्याच आकारात, म्हणजे ‘आ’ या स्वरोच्चारातील आलापात, रागाचे रूप उभे करतात आणि त्यानंतर एकही क्षण सैल सोडत नाहीत. दमसास इतका की तान संपली असे वाटते तेव्हा ती आणखी एक वळण घेते आणि अगदी सहजपणे मुखडा (चिजेची सुरुवातीची ओळ) पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. या घराण्यात तान तालावरून घसरत धावत नाही. प्रत्येक मात्रेचे वजन तिच्या आत जाणवते, आणि मला वाटते की या गायकीचे सारे सौंदर्य त्या वजनात आहे.

आरंभ ‘जात कहाँ हो’ या त्यांच्या भैरवीने करावा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील संगीताची जी सुवर्ण तबकडी अंतराळात गेली, तिच्यात भारतातून निवडलेली चीज हीच. त्यांपैकी व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ही हकिकत मी अनेकदा वाचली होती, इतरांना अभिमानाने सांगितलीही होती, पण ती भैरवी शांत बसून ऐकली ती गेल्या वर्षीच, रंकाळ्यावर पहाटे, आणि त्या दिवशी दुसरे काही ऐकण्याची इच्छा राहिली नाही. नाट्यसंगीतामुळे भैरवीचे स्वर आपल्या ओळखीचे आहेतच. एकच तबकडी लागोपाठ तीनदा ऐकावी : एकदा केवळ मुखड्याकडे कान ठेवून, एकदा बोटांवर मात्रा मोजत, आणि तिसऱ्यांदा काहीही न मोजता. खरखर पहिल्या मिनिटात त्रास देते, नंतर ती ऐकूच येत नाही.

याच वाटेवर मला याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, रागही भेटले. आपले गुरू आणि अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँसाहेब यांच्या निधनानंतर मन्सूर हे मंजी खाँसाहेबांचे बंधू भुर्जी खाँसाहेब यांच्याकडे शिकले. मन्सूरांचे गाणे मात्र भैरवी पचल्यावरच घ्यावे.

प्रश्न : अल्लादिया खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज कोठे ऐकावयास मिळेल?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोठेही नाही. १९४६ साली ते निवर्तले, तेव्हा भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. तरीही त्यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते. त्यांच्या गायकीचा अंदाज शिष्यांच्या गळ्यांतून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. प्रथम कोणाही चांगल्या गायकाचा मालकंस राग ऐकावा. त्यात रिषभ (रे) आणि पंचम (प) हे स्वर नसतात. मग जयपूर घराण्याचा संपूर्ण मालकंस किशोरी आमोणकर यांच्या आवाजात ऐकावा. त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर या खाँसाहेबांच्याच शिष्या. वगळलेले ते दोन स्वर येथे येतात, तरी मालकंसाचे गांभीर्य ढळत नाही. पंचम नेमका कोणत्या वळणावर लागतो आणि गाणारी व्यक्ती तेथून मध्यमावर (म) कशी परतते, तेवढ्याच जागेवर कान लावून बसावे.