‘मिस्टर’ लिहून बसले, आता काय?

सांगलीची एक विद्यार्थिनी लिहिते : “मॅडम, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएससाठी अर्ज भरलाय, मुदत १५ जानेवारी. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रिका, पोचली का हे विचारायला १६ डिसेंबरला अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल केला. पाठवल्यावर पुन्हा वाचला, तर ज्यांना लिहिलं त्या बाई आहेत आणि मी ‘मिस्टर’ लिहिलंय. ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकलंय. कुरिअरची पावती जोडते म्हटलं, ती जोडलीच नाही. लगेच माफीचा मेल केला. त्यात अर्ज क्रमांक राहिला म्हणून तिसरा केला. आज २८ तारीख, एकाचंही उत्तर नाही. फी बाबांनी भरली आहे, त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. रात्री उठून तोच मेल वाचत बसते. माझा अर्ज बाद होईल का? पुन्हा एकदा माफी मागू का?”

प्रिय मुली,

आधी तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं. अशा चुकांनी अर्ज बाद होत नाही. आणि माफीचा चौथा मेल करायचा नाही.

उत्तर का आलं नाही याचं साधं कारण कॅलेंडरमध्ये आहे. नाताळ ते नववर्ष या दिवसांत अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांची कार्यालयं बंद असतात. १६ तारखेनंतर त्या बाईंना कामाचे जेमतेम पाच-सहा दिवस मिळाले असतील, आणि हा त्यांचा सगळ्यात गर्दीचा काळ. तू रात्री उठून ज्या शब्दाकडे बघतेस, तो त्यांनी अजून पाहिलाही नसेल.

आता त्या ऑफिसात काम कसं चालतं ते समजून घे, म्हणजे निम्मा घोर कमी होईल. मेलला उत्तर देणारी माणसं आणि प्रवेशाचा निर्णय घेणारी माणसं सहसा वेगळी असतात. ऑफिस कागदपत्रं आली का, फी भरली का, टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर पोचला का, हे तपासतं. निवड करते ती विभागातल्या प्राध्यापकांची समिती. तिच्यासमोर तुझी ट्रान्स्क्रिप्ट, एसओपी (हा कोर्स का करायचाय हे सांगणारं तुझं निवेदन) आणि शिफारसपत्रं असतात. तुझा मेल नोंदीला जोडलेला राहू शकतो, पण कागद पोचला का विचारणाऱ्या मेलमधलं एक स्पेलिंग घेऊन समिती चर्चा करत नाही. तुझं इंग्रजी तपासायला परीक्षा आहे, ती तू दिली आहेस. त्या ऑफिसला चीन, ब्राझील, इराण, नायजेरियाहून मेल येतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे मेल वाचणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

मला तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट जास्त लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या मनात इंग्रजीची चूक म्हणजे अब्रू गेली असं घट्ट बसलेलं असतं. वर्गात कोणीतरी कधीतरी हसलेलं असतं. म्हणून मुलं स्पेलिंग चार वेळा तपासतात, आणि जिथं खरंच तपासायला हवं तिथं नजरही टाकत नाहीत. चूक भाषेची आहे की माहितीची, हे आधी बघायचं. भाषेची असेल तर सोडून द्यायची. माहितीची असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करायची.

आपल्याकडची माहितीची सगळ्यात महागात पडणारी चूक नावाची आहे, आणि ती कोणाच्या लक्षातच येत नाही. आपल्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी असतं. समज, ‘कदम अस्मिता विलास’. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात कदम, आणि नावाच्या रकान्यात अस्मिता विलास. अमेरिकेत शेवटचा शब्द आडनाव समजतात. म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट हाती घेणाऱ्या माणसाला वाटतं, ही कोणी मिस विलास. अर्ज कदम नावाने, ट्रान्स्क्रिप्ट विलास नावाने, आणि दोन्हींची गाठ पडत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या पोर्टलवर, म्हणजे विद्यापीठाच्या अर्जाच्या साइटवर, तीन आठवडे ‘इन्कम्प्लीट’ दिसत होतं. कागद तर कुरिअरने केव्हाच पोचलेले. तो रोज एसओपीतले स्वल्पविराम बघत बसला होता. शेवटी एका ओळीचा मेल केला : माझ्या विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव पहिलं छापतात, कृपया अमुक नावाखाली शोधा. दोन दिवसांत फाइल पूर्ण झाली. तुझी ट्रान्स्क्रिप्टही अशीच अडकली असू शकते. त्या ‘मिस्टर’पेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

पुढे प्रवेश मिळाला की आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद) येतो, त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. म्हणून अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे आजच बघ.

तारखांचंही तसंच. तिकडे महिना आधी लिहितात. ४ जुलै म्हणून तू ०४/०७ लिहिलंस, तर ते ७ एप्रिल वाचतील. जन्मतारीख मेलमध्ये द्यायची वेळ आली तर महिन्याचं नाव अक्षरांत लिही. सीजीपीए (सरासरी गुणांक) दहापैकी असेल तर ‘दहापैकी’ हे शब्द सोबत हवेतच. फॉर्ममध्ये सांगितलं नसेल तर तिकडच्या चारपैकीच्या मापात स्वतः बसवायला जाऊ नकोस. आणि एसओपीमध्ये दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं असेल (होतं असं, चांगल्या चांगल्या मुलांचं होतं) तर गप्प बसायचं नाही. दुरुस्त प्रत जोडून एकदाच विचारायचं, ही बदलून घेता येईल का. नाही म्हणाले तर विषय संपला. आकडा चुकीचा गेला असेल, तर मात्र न विचारता आपणहून कळवायचं. अर्जाखाली ‘माहिती खरी आहे’ असं तू लिहून दिलेलं असतं.

‘मिस्टर’चं काय? पुढच्या मेलमध्ये मिस्टर, मिसेस काही न लावता त्यांचं पूर्ण नाव लिही, तिकडे ते चालतं. तेवढीच दुरुस्ती पुरे. माफीनाम्याने ती चूक उलट ठळक झाली, कारण त्या बाईंना आता एका कामासाठी तीन मेल उघडायचे आहेत.

आपल्या अर्जांतल्या सवयीने जाणारं एक वाक्यही काढून टाक : ‘काइंडली डू द नीडफुल’. चुकीचं आहे म्हणून नव्हे. समोरच्याने नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही म्हणून. तुला उत्तर हवं असेल तर प्रश्न विचार. ‘माझी ट्रान्स्क्रिप्ट तुमच्याकडे पोचली आहे का?’ याला हो किंवा नाही म्हणता येतं, आणि म्हणून उत्तर लवकर येतं.

आता मेल कधी करायचा? आज नाही. सुट्टीनंतर कार्यालय उघडलं की पहिले दोन दिवस जाऊ दे, मग आधी पोर्टल उघड. ट्रान्स्क्रिप्टसमोर ‘रिसीव्ह्ड’ दिसलं तर मेल करूच नकोस. नसेल दिसत, तर अर्जात जो ईमेल पत्ता दिलास त्याच पत्त्यावरून एकच नवा मेल कर. विषयात अर्ज क्रमांक, कोर्सचं नाव आणि ‘फॉल’ हा इनटेक (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारं सत्र). आत चार ओळी पुरेत : मी अमुक, अर्ज क्रमांक अमुक. माझी ट्रान्स्क्रिप्ट अमुक तारखेला कुरिअरने निघाली, पावती जोडली आहे. कागदावर माझं आडनाव पहिलं छापलेलं आहे, पासपोर्टप्रमाणे नाव असं. ती मिळाली आहे का, कळवाल का? पावती आधी जोड, मग मजकूर लिही, आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाक. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल चुकून जाणार नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, तीही वाढवून ठेव.

१५ जानेवारीची वाट मात्र बघू नकोस. न्यूयॉर्कच्या वेळेने त्या रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०:२९, पण प्रत्येक विद्यापीठ कोणती वेळ धरतं ते त्यांच्या सूचनांत वाचावं लागतं. दहा तारखेच्या आत सगळं हातावेगळं कर.

बाबांना आज सांग. मेलमध्ये चूक झाली हे नव्हे, ट्रान्स्क्रिप्ट पोचल्याची खात्री अजून झालेली नाही हे सांग. कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर पावतीवर असेल, तो दोघं मिळून तपासा. आणि पोर्टलवर तुझं नाव नक्की कसं दिसतंय, ते मला कळव.