आधी रक्त तपासून ये

अगं ए वेडे,

रात्री पावणेदोनला टाकलेला तुझा व्हॉईस मेसेज मी सकाळी चहा गाळता गाळता ऐकला, सात मिनिटांचा, दोनदा ऐकला, चहा गार झाला. इंटरव्ह्यूत एकदम ब्लँक झाले, येत होतं ते पण आठवेना, बोटांना मुंग्या, घशाला कोरड, बाहेर येऊन वॉशरूममध्ये रडले, आणि शेवटी काय तर मावशी तू इतकी शांत कशी असतेस, मला पण शिकव, एखादा ऑनलाईन कोर्स असेल तर लिंक पाठव. लिंक वगैरे काही नाहीये माझ्याकडे. बोलायला लागले की मी भरकटते म्हणून लिहिते आहे, मोठं होईल, सवडीने वाच, रात्री वाचू नकोस.

पहिलं म्हणजे मी शांत नाहीये गं, मी हळू आहे. गुडघे दुखतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर होतो आणि लोकांना वाटतं काय पोचलेली बाई आहे. 2009 ते 2011 माझी काय हालत होती ते तुझ्या आईला विचार.

तेव्हा मी परीक्षेच्या सेक्शनला क्लार्क होते. रोज पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत असं धाडधाड की शेजारी झोपलेल्याला ऐकू जाईल. एक जिना चढले की धाप. रस्त्यात मध्येच वाटायचं आता आपण पडणार. सासूबाईंनी जपाची माळ दिली, ऑफिसातल्या एका बेनने प्राणायामाची सीडी दिली, एका डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, तर मान वर न करता म्हणाले, बेन, टेन्शन नहीं लेवानुं. झालं, दुखणं मनाचं ठरलं. मग दोन वर्षं मी मनाच्या मागे लागले, पहाटे उठून डोळे मिटून बसायचं, आणि धडधड थांबली नाही की वर स्वतःलाच दोष, आपलं ध्यानच नीट होत नाही, श्रद्धाच कमी पडते.

मग ऑफिसात रक्तदान शिबीर आलं. तुला माहितीये ना, बोट टोचतात आणि थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात, बुडला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला तर नाही. माझ्या पुढच्या मुलाचा थेंब खड्यासारखा तळाला गेला. माझा वरच. मी आणि ती टेक्निशियन पोरगी दोघी वाकून त्या काचेच्या भांड्याकडे बघतोय आणि लाल टिकली आपली वरच लटकलेली, खाली जायचं नावच नाही. ती म्हणाली तुम्ही देऊ नका हं, तुम्हालाच लागेल. लॅबमध्ये आलं 7.9. बायकांचं 12 च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. आता ऑक्सिजन वाहून नेणारंच रक्तात कमी म्हटल्यावर हृदय काय करणार, तेवढाच माल पोचवायला जास्त फेऱ्या मारणार ना. ते बिचारं ओव्हरटाईम करत होतं आणि मी माळ ओढून त्याला गप्प बस म्हणत होते. पाळीत किती जातं ते मी कुणाला बोललेच नव्हते, सगळ्यांनाच असतं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं पण नव्हतं. गोळ्या सुरू केल्या तर महिनाभर त्या चहासोबतच घेतल्या, चहाने लोह अंगी लागत नाही हे नंतर कळलं, मग लिंबूपाण्याबरोबर. सहा महिने लागले.

म्हणून कोर्स नंतर, आधी रक्त तपास. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजतात ती), थायरॉईड आणि व्हिटॅमिन बी-12, आपल्या शाकाहारी घरांत बी-12 कमी निघणं अगदी कॉमन आहे. थायरॉईड जास्त काम करत असेल तरी हेच सगळं होतं, धडधड, हात थरथरणं, झोप नाही, आणि माणूस समजतो आपला स्वभावच भित्रा. तू पीजीत रात्री काय जेवतेस ते मला माहितीये, वेफर्स. आणि संध्याकाळी सातची ती कोल्ड कॉफी, त्यातलं निम्मं कॅफिन बारा-साडेबारापर्यंत अंगातच असतं, मग पावणेदोनला मावशीला मेसेज जातात.

पण खोटं नाही सांगत, हिमोग्लोबिन 12 वर आलं तरी सगळं गेलं नाही. धडधड गेली पण बघायची सवय राहिली. स्वयंपाक करताना मध्येच मनगटावर बोट, बसमध्ये बोट, देवळात बोट. आता ठीक आहे ना? आता? आपण विरजण लावतो ना, लावलं की झाकून ठेवतो, दर दहा मिनिटांनी चमचा घालून लागलं का बघितलं तर दही कसलं लागतंय, पाणीच सुटतं. तू पण तेच करतेयस, रोज अॅपवर मूड भरतेस, कालपेक्षा शांत आहे का दहापैकी किती. बंद कर ते. खरंच, आजच काढून टाक.

आता मुंग्या. तीस वर्षं मी व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, खोल्यांबाहेर पोरं बघितली आहेत. नंबर जवळ आला की सगळ्यांचं सेम, हात गार, तीनदा बाथरूम, आणि मग कुणीतरी शहाणा सांगणार डीप ब्रीद घे. की हे लागले भसाभसा श्वास ओढायला. त्याने अंगातला कार्बन डायऑक्साईड उतरतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि पोरगं अजून घाबरतं की मला काहीतरी होतंय. तुला तेच झालं. आत ओढायचा नसतो गं, बाहेर सोडायचा असतो, लांबवर. श्वास आत जाताना नाडी जरा पळते आणि बाहेर सोडताना मंदावते, आत्ता मनगटावर बोट ठेवून बघ (एकदाच, परत सवय नको), तुला कळेल. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, पाच-सहा वेळा, बस. यात अध्यात्म काही नाही, गाडीचा ब्रेक आहे.

आणि ब्लँक झालीस त्याचं सांगते, हे मला तुला मुद्दाम सांगायचंच होतं. दांडिया बाजारला अरविंद निवास आहे ना, तू त्याच्यासमोरून रोज अॅक्टिव्हा नेतेस. अरविंद घोष, तेच पुढे योगी अरविंद झाले ते, 1893 ते 1906 इथे बडोद्यात होते, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत, कॉलेजात इंग्लिश शिकवायचे. सोडून गेले, पण जानेवारी 1908 मध्ये परत आले तेव्हा विष्णू भास्कर लेले नावाचे आपले मराठी योगी त्यांना इथेच भेटले. दोघं सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं काय तर विचार करू नका, नुसतं बघा, विचार बाहेरून येतो, आत शिरायच्या आधी परत पाठवा. आणि तीन दिवसांत त्या माणसाचं मन गप्प झालं, एकदम. (मी पण बसले होते, एकदा दिवाळीच्या सुट्टीत. तीन दिवसांत मला एवढंच दिसलं की गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. आपण अरविंद नाही, सोड.)

मज्जा त्याच्यापुढे आहे. तिथून ते मुंबईला गेले आणि तिथे भाषण होतं, आणि डोक्यात एक शब्द नाही. ब्लँक, तुझ्यासारखेच. त्यांनी लेल्यांना विचारलं आता काय करू. लेले म्हणाले, लोकांना नमस्कार करा आणि थांबा, येईल. उभे राहिले, नमस्कार केला, थांबले, आणि भाषण झालं. आता तुझं ब्लँक आणि त्यांचं ब्लँक एक नव्हे हे मला कळतं, त्यांची पाटी कोरी होती आणि तुझ्या पाटीवर एवढा गिचमिडकाला की एक अक्षर लागेना. पण नमस्कार कर आणि थांब, हे तुला पण चालेल. समोरच्या पॅनेलला सरळ सांग की एक मिनिट विचार करून सांगते. मी इतकी वर्षं बघितलंय, असं म्हणणाऱ्या मुलाला कुणी नापास केलेलं मला आठवत नाही, घाईने चुकीचं बोलणारे मात्र ढीगभर.

अजून एक, 2024 चा पूर. ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, लाईट नाही, त्यात मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ, आणि मी एकटी, तुझे काका भावाकडे पुण्याला. गव्हाचा डबा वर ने, पलीकडच्या आजींना वर आण, टाकीतलं पाणी मोजून वाट. तीन दिवसांत एकदा पण धडधडलं नाही की जाग आली नाही, दोन पंख्यांखाली झोप न येणारी मी त्या उकाड्यात ढाराढूर. पाणी उतरलं, घर धुऊन झालं, मग पाचव्या दिवशी निवांत बसले आणि आलं बघ, धाडधाड. तेव्हा मला त्याचा राग नाही आला, म्हटलं ये बाबा, उशीर केलास, बस तिकडे. बसलं थोडा वेळ आणि गेलं. माझी जी काय शांती आहे ती एवढीच आहे, उगाच मोठी समजू नकोस.

आणि हे सगळं करून पण महिना-दोन महिने झोप नाही, जेवण नाही, किंवा कधीही जगायचं कशाला असं मनात यायला लागलं, तर मावशीला मेसेज करून थांबायचं नाही. 14416 फिरव, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोल गुजरातीत बोल. सेव्ह करून ठेव, माझ्या नंबरच्या वरती.

रविवारी सकाळी सातला काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी ये. कमाटीबागेत पुलावरून जाऊ, आता थंडी पडली आहे तर मगर उन्हाला काठावर येते, तोंड उघडं टाकून तासभर तशीच, वरून पोरं ओरडतात फोटो काढतात तिला काही नाही. आपण पण बसू जरा. मग सेव-उसळ खाऊ, पैसे मी देईन, पण लॅबचा रिपोर्ट आणलास तरच तर्री जास्त मिळेल, नाहीतर कोरडा पाव.

मावशी